कर्नल आत्ती

पेठेतली_लेक

आमची आत्ती गेल्या महिन्यात गेली. वय ८०. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून २००० साली लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली होती. तेराव्याला जो येईल तो एकच वाक्य बोलत होता, "घरासाठी झिजली हो माउली." दिवसभर तेच ऐकून मला राग यायला लागला. घरासाठी तिनं केलं, आणि पुष्कळ केलं. पण झिजली वगैरे अजिबात नाही. शेवटपर्यंत खणखणीत, आणि बऱ्यापैकी हुकूमशहा बाई होती. ती कशी होती ते कुठंतरी लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

आजोबा कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. शिवाजी पेठेत तालमीच्या मागच्या बोळात दोन खोल्या. चार भावंडांत आत्ती थोरली, १९४५ चा जन्म. मॅट्रिक झाल्यावर मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी शिकायला गेली. पेठेतल्या मराठ्याच्या घरची पोरगी नर्स होणार, परक्या पुरुषांची अंगं पुसणार, यावरून भावकीत गहजब झाला. आजीच्या सख्ख्या भावानं काही वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. आजोबा फार बोलणारे नव्हते, पण तेव्हा म्हणाले होते म्हणे, "डॉक्टर कृष्णाबाई केळवकरांना शाहू महाराजांनी पुढचं शिकायला विलायतेला धाडलं. माझी लेक मिरजेला जाती तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

१९६७ साली ती लेफ्टनंट झाली. पहिली नेमणूक पुण्याला. त्यानंतर दोन वर्षांत आजोबा गेले. तेव्हा माझे वडील आठवीत, काका पाचवीत आणि धाकटी आत्ती बालवाडीत. तिथून पुढं घर चाललं ते मनीऑर्डरीवर.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी एवढीशी जागा असायची. आत्तीची पत्रं म्हणजे ती जागा. वेगळं पत्र क्वचितच. आजीनं ते सगळे तुकडे दोऱ्यात ओवून खुंटीला टांगले होते. काही मला पाठ आहेत. "धाकटीचे जंत पाडून घ्यावे. गोळी रात्री." "थोरल्याला चष्मा लागला तर लाजू नये, घ्यावा." "दिवाळीला रजा नाही. करंज्या पाठवू नयेत, चुरा होतो. भडंग चालेल." एका तुकड्यावर फक्त "मी बरी आहे" एवढंच. तारीख डिसेंबर १९७१.

तेव्हा ती पठाणकोटला होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी तिथल्या विमानतळावर हल्ला झाला आणि पुढचे दोन आठवडे शकरगढच्या बाजूनं जखमी येत राहिले. त्या भागात सुरुंग फार पेरले होते, त्यामुळं पाय गेलेले जवान जास्त. युद्धाबद्दल विचारलं की आत्ती शौर्याच्या गोष्टी सांगत नसे, कामाच्या सांगे. खिडक्यांना ब्राउन पेपर, वॉर्डात टॉर्चवर निळा कागद. मॉर्फिन दिलेल्याच्या कपाळावर पेनानं एम लिहायचा आणि वेळ टाकायची, नाहीतर पुढच्या ठिकाणी कुणीतरी दुसरा डोस देईल आणि माणसाचा श्वास थांबेल. सुरुंगाची जखम लगेच शिवायची नाही. माती, बुटाचं चामडं, पायमोज्याचे धागे आत गेलेले असतात. सगळं साफ करून, मेलेलं मांस काढून जखम उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर मग टाके. घाईनं शिवली की आत गॅस गँगरीन. हे ती आम्हाला जेवताना सांगायची, आणि आई म्हणायची, "वन्सं, पोरांच्या घशाखाली घास उतरू द्या."

पण तेच ज्ञान घरात कामाला आलं. चुलतभावाला कुत्रं चावलं तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी सुई-दोरा काढला होता. आत्ती रजेवर आलेली. तिनं पोराला उचलून नळाखाली धरलं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून साबणानं जखम धुतली आणि तिथून थेट सीपीआरला, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यात, इंजेक्शनला नेलं. टाके घालू दिले नाहीत. डॉक्टरांना राग आला, पण ती चूक नव्हती.

आता लग्नाचं. लोक "झिजली" म्हणतात ते ह्यावरूनच. मिलिटरी नर्सिंगमध्ये लग्न केलं की नोकरीवरून कमी करता येत असे. १९७७ च्या आर्मी इन्स्ट्रक्शनमध्ये तर हे कारण लेखीच होतं: मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवणं, लग्न होणं, गैरवर्तन. एका रांगेत. १९७८ ला गडहिंग्लजकडचं एक स्थळ आलं. बिजवर, हायस्कुलात मास्तर, माणूस सज्जन. आत्ती रजेवर असताना बघायचा कार्यक्रम झाला. चहा झाल्यावर तिनं मास्तरांना सरळ विचारलं, "नोकरी मी सोडायची की तुम्ही?" मास्तर हसले, आजी रडली, विषय संपला. माझे वडील तेव्हा कमवायला लागले होते. म्हणजे "भावंडांसाठी लग्न केलं नाही" हे हिशोबातही बसत नाही. तिला नोकरी सोडायची नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती.

निवृत्तीनंतर घरी आली आणि वर्षभरात आजीला अर्धांगवायू झाला. पुढची सहा वर्षं आजी अंथरुणावर होती. आजीला शेवटपर्यंत एकही बेडसोअर झाला नाही. ह्याच्यावर वेगळा धागा निघेल.

२०१९ च्या महापुरात वय चौऱ्याहत्तर. हायवे बंद, निम्मं शहर पाण्यात. जवळच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. पहिल्या दिवशी ही तिथं गेली आणि चपात्या लाटणाऱ्या बायकांना सोडून आधी संडास कुठं आहेत ते बघून आली. मग पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी एक पोरगा मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या औषधाची) बाटली देऊन उभा केला, पाण्यातून चालत आलेल्यांच्या पायांच्या जखमा तपासायला बसली आणि लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्यांसाठी महापालिकेच्या डॉक्टरांच्या मागं लागली. नगरसेवक फोटोसाठी आले तर त्यांना म्हणाली, "बूट काढून आत या, आत्ताच फरशी फिनेलनं पुसली आहे."

तिची दोन मेडलं आहेत, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. भावंडांत चर्चा चालू आहे की कुणाकडं ठेवायची. तुमच्याकडं कुणी मिलिटरी नर्स होतं का? किंवा कुणी त्यांच्या हाताखालून गेलंय का? लिहा.

---

रंकाळ्याचा_वारा

भावपूर्ण श्रद्धांजली. मास्तरांचा किस्सा नाद खुळा.

---

जुनी_कागदपत्रं

छान लिहिलंय. थोडी इतिहासाची भर टाकतो. २८ मार्च १८८८ रोजी दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईला उतरल्या, तिथून हिंदुस्थानातल्या लष्करी नर्सिंगची सुरुवात धरतात. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही वेगळी सेवा १ ऑक्टोबर १९२६ ला झाली, म्हणून आजही १ ऑक्टोबर हा त्यांचा स्थापना दिवस. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या वटहुकुमानं ह्या बायका रीतसर कमिशन्ड अधिकारी झाल्या. म्हणजे वैद्यकीय शाखा सोडून बाकीच्या शाखांत महिला अधिकारी यायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. १९७६ मध्ये जी. अली राम ह्या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोचलेल्या पहिल्या महिला त्याच, आणि त्या नर्सिंग सर्व्हिसच्या होत्या. हे किती जणांना माहीत असतं?

कृष्णाबाईंचा उल्लेख वाचून बरं वाटलं. आजच्या सीपीआरच्या जागी तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. कृष्णाबाई तिथल्याच. तुमच्या आजोबांना नेमका दाखला सुचला होता.

---

स्पष्टच_बोलते

लेख आवडला, पण एक खटकलं. "तिला नोकरी सोडायची नव्हती, नव्हती म्हणजे नव्हती" म्हणून तुम्ही तिची निवड साजरी करताय. त्याच हॉस्पिटलातल्या पुरुष डॉक्टर कॅप्टनला कुणी विचारलं होतं का, लग्न की नोकरी? नियमानं एक दार बंद केल्यावर उरलेल्या दारातून माणूस ताठ मानेनं गेला, तर कौतुक माणसाचं करा, पण दार कुणी बंद केलं ते विसरू नका. ते कलम १९९५ मध्ये मागं घेतलं गेलं. तोवर किती जणींची नोकरी गेली असेल? लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०२४ च्या फेब्रुवारीत, साठ लाखांची भरपाई. ३६ वर्षं लागली.

---

पेठेतली_लेक

@स्पष्टच_बोलते, हा निकाल आला तेव्हा आत्ती होती. 'पुढारी'त बातमी वाचली, चष्मा काढला, परत घातला, परत वाचली. मी तुमच्यासारखंच विचारलं, "हे कलम नसतं तर तू लग्न केलं असतंस का?" तर म्हणाली, "मास्तरांशी? नाही." मग जरा वेळानं, "पण रजेच्या अर्जासारखा विचार तरी करता आला असता. मंजूर-नामंजूर मी ठरवलं असतं." आणि त्या सेलिना जॉन यांच्याबद्दल, "बाई चिवट आहे. चांगलं झालं."

तेव्हा तुमचं म्हणणं मान्यच आहे. माझा राग फक्त त्या "माउली"वर आहे. माउली म्हटलं की तेहतीस वर्षांची नोकरी एका शब्दात पुसली जाते, आणि आम्ही घरच्यांनी तिच्याकडून काय काय घेतलं त्याचा हिशोबही.

---

डिप्लोमावाला

ताई, हिशोबाचा विषय काढलाच आहेस तर मीही लिहितो. (मी हिचा चुलतभाऊ. हो, कुत्रं चावलेला तोच.)

ताईनं फार गोडगोड लिहिलंय. आत्तीशी माझं दोन वर्षं वाकडं होतं. बारावीला मार्क कमी पडले. मला डोनेशन भरून इंजिनिअरिंगला जायचं होतं, सगळे मित्र जात होते. पप्पांनी आत्तीला पत्र टाकलं. उत्तर मनीऑर्डरच्या तुकड्यावर आलं: "डोनेशनला पैसे नाहीत. शासकीय तंत्रनिकेतनचा फॉर्म भरावा, फी मी देईन." आईनं तर मनाला लावून घेतलं. "स्वतःची पोरं असती तर असं केलं असतं का?" हे वाक्य घरात बोललं गेलं. ते आत्तीच्या कानावर गेलं की नाही मला माहीत नाही. पण पुढच्या रजेत ती आली तेव्हा आमच्याकडं न उतरता ताईकडं उतरली.

मी रडत-कुथत डिप्लोमा केला. मेकॅनिकल. शिरोलीला फौंड्रीत लागलो, आज तिथंच मेथड्स, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते, बघतो. बरं चाललंय. डोनेशनवाल्या मित्रांचंही बरंच चाललंय, त्यामुळं आत्ती बरोबर होती असं काही सिद्ध होत नाही. पण तिनं नाही म्हणताना कारण सांगितलं नाही हे मला कायम लागलं होतं. ते कारण तिच्या निवृत्तीनंतर कळलं: त्याच वर्षी ती धाकट्या आत्तीच्या घटस्फोटाच्या वकिलाची फी भरत होती, आणि धाकटीनं कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. (धाकट्या आत्तीला विचारूनच हे लिहितोय.)

बाकी, रजेत आली की घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात, सगळी नखं कापलेली आणि चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले. मला आजही बायको हसते, मी तशीच चादर घालतो.

---

तांबडा_की_पांढरा

धागा वाचतोय. डिप्लोमावाले, प्रामाणिक लिहिलंय भावा. आमच्याकडं पण एक अशीच आक्का होती, शिक्षिका. तिच्या पैशावर तिघं शिकलो आणि तिच्या साठीला कुणालाच यायला जमलं नाही.

---

चंदगडी_हवालदार

नमस्कार. मी सहसा इथं लिहीत नाही, पोरगीनं हा धागा वाचून दाखवला. टायपिंग तीच करती आहे.

मी चंदगड तालुक्यातला. ऑपरेशन पवनला श्रीलंकेत जाफन्यात होतो. १९८७ च्या डिसेंबरात सुरुंगावर पाय पडला, डावा. आधी मद्रासला नेलं, मग पुण्याला कमांड हॉस्पिटल. पाय गुडघ्याच्या खाली गेलेला. वॉर्डात एक मेजर सिस्टर होत्या, कोल्हापूरच्या. नाव लिहीत नाही, पण शिवाजी पेठेतल्या आणि भावाला "थोरला" म्हणायच्या, तेव्हा त्याच असणार.

मला गुडघ्याखाली उशी घेऊ द्यायच्या नाहीत. उशी घेतली की बरं वाटायचं. त्या यायच्या आणि उशी ओढून न्यायच्या. मी शिव्या पण घातल्या असतील, मराठीत, मला काय ठाऊक त्यांना मराठी येतंय. तिथं केरळच्या सिस्टर जास्त असायच्या. तर त्या मागं वळून म्हणाल्या, "उशी घेतलीस तर गुडघा वाकडाच आखडंल, मग नकली पाय बसायचा न्हाई. आईमाईवरनं शिव्या दे, उशी मिळणार न्हाई." साऱ्या वॉर्डात मी एकटा लाजलो, कारण बाकीच्यांना कळलंच नाही काय झालं ते.

दुसरी गोष्ट. मी घरी पाय गेल्याचं कळवलंच नव्हतं. लग्न ठरलेलं होतं. महिना झाला तरी लिहिलं नाही. त्यांना म्हटलं तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं. त्यांनी इनलँड लेटर आणि पेन माझ्या पुढ्यात टाकलं. "तुझ्या हातानं लिही. पाय गेलाय, हात नव्हं." लिहिलं. मुलीकडच्यांनी लग्न मोडलं नाही. जिनं मोडलं नाही ती आत चहा करती आहे.

स्टंपला क्रेप बँडेज कसं गुंडाळायचं ते त्यांनीच शिकवलं, आठच्या आकड्यात, खालून घट्ट आणि वर सैल, म्हणजे सूज उतरून आकार येतो. मग शेजारच्या लिम्ब सेंटरला, म्हणजे नकली हातपाय बसवतात तिथं, पाय बसवला. आतापर्यंत किती पाय बदलले, पण बँडेज तसंच गुंडाळतो.

एक सांगतो. काही नवीन पोरं नर्सिंगच्या अधिकाऱ्यांना सॅल्यूट टाळायची, बघितलं न बघितलं करायची. मॅडम थांबायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या थांबायच्या. पोरगा सॅल्यूट करूनच पुढं जायचा.

---

पेठेतली_लेक

हवालदारकाका, "थोरला" म्हणजे माझे वडील. मी हे त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, शिव्यांचा भाग तर तीनदा. तुमचं पत्र लिहून घेतल्याचं तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पेशंटचं नाव-गाव ती घरात आणत नसे.

व्यनि (खासगी निरोप) केला आहे. काकूंना घेऊन या. वडील वाट बघतायत.

---

आईसाठी_विचारते

विषयांतराबद्दल माफ करा. माझ्या आईला पाच महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली आहे. माकडहाडाजवळ लाल डाग दिसतोय. आजींना सहा वर्षांत बेडसोअर झाला नाही असं तुम्ही लिहिलंय. नेमकं काय करत होत्या? आम्ही पाण्याची गादी आणली आहे, पावडर लावतो, तेलानं मालिश करतो.

---

पेठेतली_लेक

माफी कसली, आत्ती असती तर तिनं आधी तुमच्याच प्रश्नाला उत्तर दिलं असतं.

सगळ्यात आधी: त्या लाल डागावर मालिश थांबवा. आत्ती ह्यावरून माझ्या आईवर खेकसली होती. लाल झालेल्या जागी आतली कातडी आधीच दबलेली असते, चोळलं की आणखी फाटते. बोटानं दाबून बघा. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे, पण त्या बाजूवर अजिबात झोपवू नका. दाबूनही लालच राहिलं तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

ती स्वतः काही वर्षं खडकीला पाठीचे मणके मोडलेल्या जवानांच्या वॉर्डात होती. तिथला नियम तिनं घरी आणला. दर दोन तासांनी कूस. रात्री पण. स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवलेला असायचा: वेळ, कोणती कूस, कुणी बदलली, सही. वडील, आई, मी, आत्ती, सगळ्यांच्या पाळ्या. सही नसेल तर चहा नाही. हे विनोदानं लिहीत नाहीये, खरंच नव्हता. काकांकडची माणसं रविवारी येत, त्यांनाही सही. एकटीनं सगळं करून माउली व्हायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. "ड्यूटी रोस्टर नसलं की एकच माणूस मरतं, आणि ते घरातली सून असतं," असं ती माझ्या आईला म्हणायची. आईला ह्या एका वाक्यासाठी तिचं बाकी सगळं चालायचं.

कुशीवर पूर्ण आडवं करायचं नाही, खुब्याचं हाड टोचतं. पाठीमागं उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा गादीला टेकणारच नाहीत. गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी. वर सरकवताना ओढायचं नाही, खाली घडीची चादर ठेवून दोघांनी उचलून सरकवायचं. चादरीला एक सुरकुती नको. पावडर ती वापरत नसे, घामात गोळे होतात. लघवी-शी झाली की लगेच कोमट पाण्यानं पुसून, टिपून कोरडं. भरवताना डोकं उंच, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच. अंडं, डाळ, दूध रोज. अंगात प्रोटीन नसेल तर कातडी टिकत नाही म्हणायची. आजी माळकरी, अंडं खात नव्हती, त्यावरून ह्या दोघींची भांडणं व्हायची. शेवटी पनीर आणि मूगडाळीवर तह झाला.

---

नाईट_ड्यूटी

मी सध्या मिलिटरी नर्सिंगमध्येच आहे, हुद्दा आणि ठिकाण सांगत नाही. वरच्या उत्तरात काही चूक नाही. दोन गोष्टी जोडते. पाण्याची किंवा हवेची गादी असली तरी कूस बदलणं सुटत नाही, बरेच जण गादी आणून निवांत होतात. आणि मध्ये भोक असलेली रबरी रिंग माकडहाडाखाली देऊ नका, कडेनं रक्तपुरवठा दबून उलट जखम होते. ताई, डाग आजच दाखवा.

कागदावर सही घ्यायची पद्धत वाचून हसू आलं. आमच्याकडं डीआय लिस्टवरच्या, म्हणजे अतिगंभीर पेशंटच्या चार्टवर अशाच सह्या असतात. रात्रीची फेरी झाली की मॅडम टॉर्च मारून आधी सह्या बघतात, मग पेशंट.

आम्हाला आता लग्न करता येतं. माझे मिस्टर बँकेत आहेत, मी एकीकडं, ते दुसरीकडं, पोरगी सांगलीला आजीकडं. ती "आई फोनमध्ये राहते" असं शाळेत सांगते. म्हणजे कलम गेलं तरी गणित सोपं झालेलं नाही, एवढं @स्पष्टच_बोलते यांना सांगावंसं वाटलं.

---

स्पष्टच_बोलते

@नाईट_ड्यूटी, पटलं. पण तुमचं गणित तुम्ही आणि मिस्टर मिळून सोडवताय, कलम सोडवत नाहीये. सलाम तुम्हाला.

---

रंकाळ्याचा_वारा

मेडलांचं काय ठरलं मग?

---

डिप्लोमावाला

मेडलांवरून काल घरात बैठक झाली. काकांचं म्हणणं फ्रेम करून देवघराशेजारी लावायची. माझं म्हणणं देवघराशेजारी नको, परत माउली होईल. ताईचं म्हणणं धाकट्या आत्तीकडं द्यावी. धाकटी आत्ती म्हणाली, "मला नको, माझ्याकडं झुरळं झालीत." तेव्हा सध्या ती आमच्याकडं, माझ्या कपाटात, आणि तिची कागदपत्रं घेऊन सोमवारी मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहे. सर्व्हिस रेकॉर्डचा गोषवारा मिळतो का बघायचं आहे. तेहतीस वर्षांत ती कुठं कुठं होती ह्याची पूर्ण यादी घरात कुणाकडंच नाही. मनीऑर्डरीवर निम्म्या वेळा नुसता लष्करी टपालाचा पत्ता, ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ.

---

आईसाठी_विचारते

डॉक्टरांना दाखवलं. कातडी फुटलेली नाही, वेळेत आलात म्हणाले. मालिश बंद, रिंग होती ती टाकून दिली. फ्रीजवर कागद लावला आहे. भावानं काल रात्री दोनची सही केली, पण कूस बदलायला विसरला. आज त्याला चहा नाही.

---

चंदगडी_हवालदार

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, मंडळी बरोबर आहे. काजू आणतो, घरचा आहे. थोरल्यांना सांगा शिव्या सगळ्या आठवत नाहीत, पण दोन-तीन नक्की आठवतील.